किशोरवयीन मुलांची मानसिक व सामाजिक वाढ

(कुटुंबासाठी अभ्यासपाठ)



दृढीकरणाच्या वर्गाला मुले पाठवणारे पालक भेटले की एक वाक्य हमखास कानावर येते : "फादर, आमचा मुलगा पूर्वी असा नव्हता." मुलगी असेल तर तक्रार थोडी निराळी असते. दार लावून बसते, विचारले तर "काही नाही" म्हणते, मैत्रिणीशी मात्र तासन् तास बोलते. या तक्रारीत राग कमी आणि भीती जास्त असते. आपले मूल आपल्या हातून निसटते आहे का, असा प्रश्न तिच्यामागे दडलेला असतो. या भीतीचे उत्तर नुसत्या उपदेशाने मिळणार नाही. या वयात मुलाच्या आत नेमके काय घडते हे आधी समजून घ्यायला हवे. म्हणून आजचा हा पाठ.

१. हे वय कोणते?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वर्षांना किशोरवय मानते. आपल्याकडे त्यालाच पौगंडावस्था असेही म्हणतात. या वयाचा स्वतंत्र अभ्यास स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९०४ सालच्या दोन खंडी ग्रंथापासून जोमाने सुरू झाला. निरीक्षण मात्र फार जुने आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात तरुणांचे वर्णन केले आहे. ते आशेवर जगतात, चटकन रागावतात, मित्रांवर जीव टाकतात, प्रेम असो वा द्वेष, सगळे अतिरेकाने करतात आणि आपल्याला सर्व कळते असे समजतात, असे तो सांगतो. तेव्हा "आजकालची मुले" ही तक्रार किमान तेवीसशे वर्षे जुनी आहे, हे ध्यानात घेऊन थोडे निश्चिंत व्हावे.

संत लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूचा प्रसंग आहे. मुलगा न सांगता यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो, आईवडील तीन दिवस शोधत फिरतात, आणि सापडल्यावर त्याने दिलेले उत्तर त्यांना समजत नाही. पवित्र कुटुंबातसुद्धा आईवडिलांना मुलाचे बोलणे कळले नाही, असा एक दिवस आला होता. मरियेने मुलाला सरळ प्रश्न विचारला, आपली चिंता लपवली नाही, आणि न समजलेली गोष्ट मनात जपून ठेवली. त्याच अध्यायाच्या शेवटी येशू ज्ञानाने, शरीराने आणि देवाच्या व माणसांच्या कृपेत वाढत गेला, असे सांगितले आहे. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा चारही बाजू तिथे आल्या आहेत. या चारही बाजूंची वाढ एकाच वेगाने होत नाही, आणि किशोरवयातील बराचसा गोंधळ त्यातूनच निर्माण होतो.

२. मेंदूत काय घडते?

मूल सहा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या मेंदूचा आकार प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. म्हणून मेंदूची वाढ बालपणीच संपते, असा पूर्वी समज होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. जे गीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मुलांच्या मेंदूची एमआरआय तपासणी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने हा समज बदलला. किशोरवयात मेंदूची मोठी पुनर्रचना चालू असते. जे जोड वापरात नसतात ते छाटले जातात आणि जे वापरात असतात ते पक्के होतात. माळी जशी झाडाची छाटणी करतो, तसेच हे काम आहे. म्हणजे या वयात मूल ज्या गोष्टीत वेळ घालवते, मग ते वाचन असो, खेळ असो, संगीत असो की मोबाईल, तिचा ठसा मेंदूवर उमटतो.

ही पुनर्रचना मेंदूच्या मागच्या भागाकडून पुढे सरकते. भावना, उत्साह आणि बक्षिसाची ओढ यांच्याशी संबंधित भाग वयात येतानाच जोरात कामाला लागतात. कपाळामागचा भाग परिणामांचा विचार करणे, मोह आवरणे, नियोजन करणे ही कामे करतो. तो पंचविशीच्या आसपास पूर्ण परिपक्व होतो. गाडीचे इंजिन जोरात सुरू झाले आहे, पण ब्रेक अजून बसवले जात आहेत, अशी ही स्थिती आहे.

मात्र याचा अर्थ मुलांना विचार करता येत नाही, असा नव्हे. शांत वातावरणात, वेळ देऊन प्रश्न विचारला तर सोळा वर्षांचे मूल जवळजवळ प्रौढाइतकाच योग्य विचार करू शकते. भावना उसळल्या असताना किंवा मित्र भोवती असताना त्याचा तोल जातो. म्हणून निकालपत्र हातात आल्याआल्या, पाहुण्यांसमोर किंवा भांडण रंगात असताना केलेला उपदेश वाया जातो. तोच विषय दुसऱ्या दिवशी, दोघेच असताना काढावा.

झोपेचेही असेच आहे. या वयात झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे मुलांना लवकर झोप येत नाही. गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. सकाळी सातची शाळा, संध्याकाळचा क्लास आणि रात्री उशाशी मोबाईल, यांत मुलाची झोप रोज दोन तास कमी झाली, तर त्याची चिडचिड हा स्वभावदोष समजू नये.

३. विचारांची पद्धत बदलते

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिले की साधारण अकरा-बाराव्या वर्षापासून मूल समोर दिसणाऱ्या वस्तूंपलीकडे विचार करू लागते. "असे असते तर?" हा प्रश्न त्याला सुचतो. न्याय, स्वातंत्र्य, सत्य या कल्पना त्याला खऱ्या वाटू लागतात. मग तो घरातल्या, शाळेतल्या आणि चर्चमधल्याही विसंगती शोधतो. "रविवारी मिस्साला का जायचे? तिथे जाणारे सगळे चांगले वागतात का?" असे तो विचारतो.

पालकांना हा उद्धटपणा वाटतो. पण हा मुलाच्या बुद्धीला फुटलेला नवा कोंब आहे. "देवाविषयी असे बोलू नये" म्हणून त्याला गप्प केले, तर प्रश्न संपत नाही. मूल तो आपल्याला विचारणे तेवढे थांबवते. उत्तर ठाऊक नसेल तर "मलाही हा प्रश्न पडतो, आपण मिळून शोधू" असे म्हणणारा बाप मुलाच्या नजरेत लहान होत नाही.

याच वयाच्या आणखी दोन खुणा डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये मांडल्या. पहिली अशी की, सगळे जग आपल्यालाच पाहत आहे असे मुलाला वाटते. चेहऱ्यावर एक पुटकुळी आली की मुलगी घराबाहेर पडायला तयार नसते. दुसरी अशी की, आपले दुःख जगावेगळे आहे, ते कोणालाच कळणार नाही, आणि दुसऱ्यांना होतो तो अपघात आपल्याला होणार नाही, असे त्याला वाटते. हे प्रेक्षक पूर्वी केवळ कल्पनेतले होते. आज फोटोखाली किती जणांनी पसंती दिली याचा आकडाच दिसतो. मुलांवरचे दडपण त्यामुळे किती वाढले असेल, याचा विचार करावा.

४. मित्रांची ओढ

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील तागास्ते गावात सोळा वर्षांच्या एका मुलाने आपल्या टोळक्याबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नाशपतीची फळे चोरली. भूक नव्हती, फळेही फारशी चांगली नव्हती. बरीचशी डुकरांपुढे टाकली. तो मुलगा पुढे संत ऑगस्टीन झाला. आपल्या आत्मकथनात या चोरीचा त्यांनी बारकाईने विचार केला आहे. एकटा असतो तर हे मी केले नसते, असा निष्कर्ष ते काढतात.

सुमारे सोळाशे वर्षांनी, २००५ मध्ये, मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. किशोर, तरुण आणि प्रौढ अशा तीन वयोगटांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. काही जण एकटे खेळले, काही मित्रांच्या देखत. मित्र पाहत असताना किशोरांनी बराच जास्त धोका पत्करला, प्रौढांवर मात्र सोबतीचा जवळजवळ परिणाम झाला नाही. संत ऑगस्टीन यांनी स्वतःच्या मनात डोकावून जे ओळखले होते, त्याला प्रयोगशाळेने दुजोरा दिला.

पामबीच रस्त्यावर रात्री दुचाकी पळवणारा मुलगा एरवी घरी समंजस असू शकतो. म्हणून "माझा मुलगा तसा नाही" या वाक्यावर विसंबू नये. आणि "ते मित्र सोड" म्हणूनही भागत नाही. या वयात मित्र ही गरज आहे. निष्ठा, तडजोड, गुपित राखणे, भांडून पुन्हा जुळवून घेणे हे धडे मुले मित्रांमध्येच शिकतात. मित्रांना घरी बोलवावे, त्यांची नावे लक्षात ठेवावीत, त्यांना खाऊ घालावे. जे मित्र आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतात, त्यांची भीती कमी होते.

५. "मी कोण?"

एरिक एरिक्सन यांनी किशोरवयाचे मुख्य काम एका प्रश्नात सांगितले : मी कोण आहे? हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्याच आयुष्याचा होता. १९०२ मध्ये जर्मनीत जन्मलेल्या एरिक यांना आपला जन्मदाता कोण हे कधीच कळले नाही. सावत्र वडिलांच्या नावाने ते वाढले आणि पुढे अमेरिकेत त्यांनी स्वतःसाठी एरिक्सन हे आडनाव निवडले. मुलाला निरनिराळ्या भूमिका करून पाहण्यासाठी, चुकण्यासाठी, मत बदलण्यासाठी काही काळ मोकळीक मिळाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९६६ मध्ये जेम्स मार्शिया यांनी त्यात भर घातली. शोध न घेताच दुसऱ्यांनी ठरवलेली ओळख जो स्वीकारतो, तो वरून स्थिर दिसतो, पण ती ओळख त्याची स्वतःची नसते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. आपल्याकडे दहावीनंतर, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या वर्षी, बहुतेक मुलांची शाळा सुटते. मित्र पांगतात, ओळखीचे शिक्षक मागे राहतात आणि त्याच महिन्यात कला, वाणिज्य की विज्ञान हे ठरवायचे असते. ज्या वयात शोध सुरू व्हायचा, त्याच वयात निकाल मागितला जातो. काही मुलांचे नाव कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असते आणि सारा दिवस मात्र खाजगी क्लासमध्ये जातो. तिथे मित्र मिळण्यापूर्वी स्पर्धक मिळतात. ही निवड पालकांनी करू नये असे मी म्हणत नाही. माहिती द्यावी, खर्चाची खरी परिस्थिती सांगावी. पण मुलाचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्यावे, आणि ही निवड पुढे बदलता येते हेही त्याला सांगावे.

सीवूड्समध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेल्या या शहरात आपण सगळे कुठून ना कुठून आलो आहोत. कोणी वसईहून, कोणी अहिल्यानगर जिल्ह्यातून, कोणी कोकणातून, तर कोणी गोव्याहून. मुले मात्र इथलीच आहेत. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, सोसायटीच्या आवारात हिंदी. "तुझे गाव कुठले?" या प्रश्नावर ती अडखळतात. त्यातच आईवडील दोघेही हार्बर लाईनने कामाला जातात, आजी-आजोबा गावी, आणि मूल स्वतःच्या किल्लीने दार उघडून रिकाम्या घरात येते. पूर्वी जे ऐकायला आजी होती, ते ऐकायला आता मोबाईल आहे. म्हणून आपल्या कुटुंबाची कथा मुलांना सांगावी. आजोबांनी गाव का सोडले, पहिले घर कसे घेतले, श्रद्धा घरात कशी टिकली, हे सांगावे. सुट्टीत त्यांना गावी न्यावे. आपण कोणाचे आहोत हे कळले की आपण कोण आहोत हे शोधणे सोपे जाते.

६. शरीर आणि लाज

वयात येण्याचे बदल मुलींमध्ये साधारण आठ ते तेरा आणि मुलग्यांमध्ये नऊ ते चौदा या वयात सुरू होतात. याविषयी आपल्या घरांत बहुधा मौन असते. २००७ मध्ये शाळांमधील किशोरशिक्षणाच्या पुस्तिकांवर राज्याच्या विधिमंडळात आक्षेप घेतला गेला आणि सरकारने तो कार्यक्रम थांबवला. त्याच महाराष्ट्रात गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेच्या डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' या कार्यक्रमातून हजारो मुलामुलींशी या विषयावर मोकळेपणाने आणि मर्यादेने संवाद साधला आहे. बोलता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

आपण बोललो नाही तर मूल अज्ञानात राहत नाही. ते मोबाईलकडून शिकते, आणि मोबाईल त्याला शरीर दाखवतो, माणूस दाखवत नाही. शरीर ही देवाची देणगी आहे, पाळी ही घाण नव्हे, आकर्षण वाटणे हे पाप नव्हे, आणि कोणाच्याही शरीराचा वापर करणे हा त्या व्यक्तीचा अपमान आहे, हे मुलाने आधी आईवडिलांकडून ऐकावे. कोणीही, ती व्यक्ती नात्यातली असो, शिक्षक असो वा चर्चमधली, नकोसा स्पर्श केला तर घरी येऊन सांगण्याचे बळ त्याला द्यावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला संरक्षण दिले आहे. अशी गोष्ट कळल्यावर तिची खबर देणे बंधनकारक आहे. घराण्याच्या किंवा चर्चच्या अब्रूसाठी ती दडपणे हा मुलावर दुसरा अन्याय ठरेल.

७. घरी काय करावे?

पंधराव्या वर्षी मोहनदास गांधी यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातील तुकडा चोरला. कर्ज फिटले, पण मन खाऊ लागले. त्यांनी सर्व काही चिठ्ठीत लिहून आजारी वडिलांच्या हाती दिले आणि शिक्षाही मागितली. वडिलांनी चिठ्ठी वाचली, त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ती फाडून टाकली. मारले नाही, बोलले नाही. तो मुलगा जन्मभर ते अश्रू विसरला नाही. अहिंसेचा हा वस्तुपाठ होता, असे त्यांनी पुढे आत्मकथेत म्हटले. मुलाला वडिलांना होणाऱ्या दुःखाची भीती होती, तरीही चिठ्ठी त्यांच्याच हाती देता येईल एवढा विश्वास होता. आपल्या घरात असा विश्वास आहे का?

नेरुळमधील शाळेला ज्यांचे नाव आहे, त्या संत जॉन बॉस्को यांनी (१८१५-१८८८) इटलीतील तुरिन शहरात रस्त्यावरच्या मुलांमध्ये काम केले. १८८४ मध्ये रोमहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना बजावले की मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते प्रेम मुलांना जाणवले पाहिजे. त्यासाठी काही साध्या गोष्टी :

(१) दिवसातून एक जेवण एकत्र करावे. त्या वेळी सर्वांचे मोबाईल बाजूला असावेत, पालकांचेही.

(२) नियम थोडे असावेत, पण पक्के असावेत. घरी परतण्याची वेळ, रात्री मोबाईल खोलीबाहेर, रविवारची मिस्सा. त्यांचे कारण सांगावे.

(३) वयाबरोबर स्वातंत्र्य वाढवावे. तेराव्या आणि सतराव्या वर्षाचे नियम एकच असू नयेत. मुलगा व मुलगी यांना निराळा न्यायही नसावा.

(४) तुलना करू नये. शेजारच्या मुलाचे टक्के हा आपल्या जेवणाचा विषय नव्हे.

(५) दार वाजवून आत जावे. एकांत मागणारे मूल काही लपवतेच असे नाही.

(६) चूक झाली तर चुकीबद्दल बोलावे, मुलाच्या लायकीबद्दल बोलू नये.

(७) आईवडिलांखेरीज आणखी एक तरी विश्वासू मोठी व्यक्ती मुलाला असावी. मामा, आत्या, धर्ममाता, धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी स्वीकारलेल्या जबाबदारीची खरी गरज याच वयात लागते.

८. धोक्याच्या खुणा

प्रत्येक रुसवा हा आजार नसतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार निम्म्या मानसिक विकारांची सुरुवात अठराव्या वर्षापूर्वी होते आणि बहुतेकांकडे कोणाचे लक्ष जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपवले. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहणे, आवडीच्या गोष्टी सोडून देणे, झोप किंवा भूक एकदम बदलणे, मित्रांपासूनही तुटणे, अंगावर स्वतः केलेल्या जखमा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, "मी नसतो तर बरे" असे बोलणे, या खुणांकडे दुर्लक्ष करू नये. असे वाटले तर मुलाला सरळ आणि शांतपणे विचारावे : "जीव नकोसा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात घातला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्या वेळी मुलाला एकटे सोडू नये.

केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्य संस्था, म्हणजे आयपीएच, आपल्यापासून फार दूर नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचार आणि मदत देण्याची भूमिका घेतली आहे, म्हणून पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. प्रार्थना जरूर करावी, पण प्रार्थनेमुळे डॉक्टरकडे जाण्याची गरज संपत नाही. ताप आल्यावर आपण दोन्ही करतो. मनाच्या आजारातही तसेच करावे.

९. कुटुंबात चर्चेसाठी

हा पाठ मुलांपासून लपवून वाचू नये. त्यांनाही वाचू द्यावा आणि या आठवड्यात एका संध्याकाळी सर्वांनी मिळून पुढील प्रश्नांवर बोलावे. पहिले उत्तर मुलांनी द्यावे, आणि त्यांचे बोलणे पूर्ण होईपर्यंत मोठ्यांनी मध्ये बोलू नये.

(अ) आपल्या घरातील कोणता नियम तुला अन्यायाचा वाटतो? का?

(आ) तुझ्या हातून मोठी चूक झाली, तर सर्वांत आधी कोणाला सांगशील?

(इ) आईवडिलांनो, तुम्ही पंधरा वर्षांचे असताना कोणती गोष्ट घरी सांगू शकला नव्हता?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुले कान देऊन ऐकतील.

प्रभूच्या आशीर्वादासह,
आपले धर्मगुरू